न गायिलेला अभंग

मागल्या महिन्यात लालबागच्या एका चाळीत सप्ताह होता. एका रात्रीची कीर्तनसेवा आमच्याकडे होती आणि चिंतनास चोखोबारायांचा अभंग घेतला होता. कीर्तन संपले, एकमेकांच्या पाया पडणे झाले. तेव्हा जन्म गिरणीत काढलेले एक वृद्ध बाबा जवळ आले नि म्हणाले, "महाराज, चोखोबा घेतलात, बरं वाटलं. पण त्यांच्या पोराचा अभंग कधी घेणार?"

आम्ही निरुत्तर झालो. चाळीस वर्षे कीर्तन करतो, पण कर्ममेळ्याचा अभंग आम्ही एकदाही घेतलेला नाही. गाथा घरात आहे, अभंग वाचलेले आहेत. मग का घेतला नाही? चोखोबांची लीनता श्रोत्यांना गोड लागते. कर्ममेळा मात्र देवाला जाब विचारतो. हीन म्हटलेल्या जातीत घालून उष्ट्यावर का जगवलेस, हे तुला दिसत नाही काय, असे रोखठोक बोलतो. तो जाब देवाच्या नावे असला, तरी समोर बसलेल्यांनाही लागतो. म्हणून आम्ही तो टाळला. हे आज कबूल करतो.

दुसऱ्याची वाणी दडपण्याचे प्रकार दोन. एक मनाईचा. चोखोबांना राऊळात प्रवेश नव्हता. 1338 साली मंगळवेढ्यास कूस कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, त्या महाद्वारासमोर ठेवल्या गेल्या. पुढे शतकानुशतके आम्ही त्यांचे अभंग आत गात राहिलो आणि त्यांच्या वंशातल्यांना बाहेर उभे केले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा कुठे विठोबाचे दार सर्वांना उघडले.

हे पंढरीपुरतेच होते असे मानू नका. बाबांनी आपल्या वडिलांची हकिगत सांगितली. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून सवर्ण साचेवाले अस्पृश्यांना विणाई खात्यात घेऊ देत नसत. पगार मात्र त्याच खात्यात अधिक. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. ते त्या काळी परळच्याच चाळीत राहात होते. आता विचार करा. दिवसा ज्याच्या ओठाला लागलेले सूत चालत नव्हते, रात्री त्याच्याच पूर्वजाचा अभंग त्याच वस्तीतल्या भजनात आपल्या ओठांवर होता.

दुसरा प्रकार वगळण्याचा. यात कोणी दार लावत नाही, म्हणून तो दिसत नाही. मीमांसक म्हणतात, जी वस्तू असती तर दिसलीच असती, ती न दिसल्यास तिचा अभाव कळतो. श्रोता याच न्यायाने चालतो. तो म्हणतो, महाराजांनी कधी सांगितले नाही, त्या अर्थी तसा अभंग नसणारच. येणेप्रमाणे आमच्या मौनाने एका घराची अर्धी वाणी नाहीशी होते. विटाळावाचून कोणाचा देह आहे, असे पुसणारी सोयराबाई मागे पडते. निर्मळा आणि बंका यांची तर नावेही पोरांना ठाऊक नसतात.

कोणी म्हणेल, संतांना जात नाही, जुने दुखणे कशाला उकरता? खरे आहे, संतांना जात नव्हती. पण दाराला होती. ज्याला दुखले त्याला बोलू न देता 'बरे झाले' म्हणणे, हा काही उपचार नव्हे.

1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जागी टोलेजंग इमारती उठल्या. आता रात्रीच्या टाळमृदंगाची कटकट होते, असे चाळकऱ्यांना ऐकावे लागते. त्यांना ते लागते, आम्हांलाही लागते. ते लागले म्हणजे कर्ममेळा समजायला वेळ लागू नये.

तेव्हा एवढे करा. येत्या एकादशीपासून आपल्या भजनात चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा यांचा पाळीपाळीने एकेक अभंग घ्या. अर्थ सांगताना तो गोड करू नका. जाब असेल तर जाबच राहू द्या. आम्हीही त्याच चाळीत कर्ममेळ्याचा अभंग घेणार आहो. बाबांना पुढे बसायला सांगितले आहे.

रामकृष्णहरि.