विज्ञान केंद्राची सहल आणि पालक

सहलीचा दिवस ठरला, की वर्गात दोन प्रश्न हटकून निघतात : डब्यात काय आणावयाचे आणि गाडीत खिडकीपाशी कोणी बसावयाचे. यंदा तिसराही प्रश्न निघाला. सातवीच्या वर्गाला सिटी लाइट भागातील विज्ञान केंद्र दाखवावयाचे होते. मुले पुष्कळ, म्हणून सोबतीस काही पालकांनी यावे, अशी चिठ्ठी आम्ही घरोघर धाडली. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने ती सहीवाचून परत आणली. "बाबा रात्रपाळीला असतात," एवढेच तो म्हणाला. मधल्या सुटीत मात्र त्याने हळूच मनातले सांगितले, "सर, बाबा चौथीपर्यंतच शिकले आहेत. तिथे त्यांना कोणी काही विचारले तर?"

ही शंका एकट्या त्याचीच नव्हे. उधना, लिंबायत या भागांतील कितीतरी मराठी कुटुंबे खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे आली आणि यंत्रमागांवर व कापडबाजारात राबू लागली. 'विज्ञान शिकलेल्यांचे, आपण तेथे जाऊन काय करणार?' हा संकोच अनेक घरांत आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहावे म्हणून हा लेख.

त्या पालकांना आम्ही पुन्हा निरोप पाठविला. ते पाळी संपवून, स्नान करून, ठरल्या वेळेच्या आधीच फाटकापाशी येऊन उभे राहिले. मुलगा मात्र गाडीत दूरच्या बाकावर बसला.

हे विज्ञान केंद्र सुरत महानगरपालिकेने २००९ साली उभारले. विज्ञानाच्या दालनांखेरीज संग्रहालय, कलादालन, प्रेक्षागृह आणि तारांगण अशी अंगे या संकुलात आहेत. त्यांपैकी तारांगणाची ओळख येथे करून घेऊ. अर्धगोल घुमटाच्या आतील पृष्ठावर प्रकाशाचे ठिपके पाडून आकाशाचे चित्र उभे करावयाचे, ही कल्पना जर्मनीत आकारास आली. येना येथील झाइस कारखान्याने बनविलेले असे यंत्र १९२३ साली म्यूनिक येथे प्रथम दाखविण्यात आले. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलने १९५४ साली चक्क शाळेतच तारांगण सुरू केले. पुढे कलकत्त्यास १९६२ साली बिर्ला तारांगण आणि मुंबईस १९७७ साली नेहरू तारांगण झाले. तारांगणाचा मोठा गुण असा, की ज्या गतीसाठी रात्रभर जागावे लागेल, ती गती तेथे काही मिनिटांत दिसते.

आम्ही त्या काळोखात बसलो. घुमटावरचे तारे सरकू लागले. उत्तरेकडचे सारे तारे एका बिंदूभोवती फिरत होते; एक तारा तेवढा जागच्या जागी होता. खेळ संपल्यावर बाहेर झाडाखाली मुलांना बसवून आम्ही विचारले, "सात ताऱ्यांची ती आकृती कोणती?" सर्वांनी एका सुरात उत्तर दिले, "सप्तर्षी!" मागे उभे असलेले ते पालक सहज बोलून गेले, "आमच्या गावाकडे हिला बाज म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार पाय, आणि मागचे तिघे चोर. उन्हाळ्यात खळ्यावर निजायचो, तेव्हा बाज मावळतीकडे कलली की पहाट जवळ आली, असे वडील सांगायचे." मुले वळून पाहू लागली. तोच त्यांनी आम्हांला विचारले, "पण सर, तो एकच तारा का हलत नाही? लहानपणापासून पाहतो आहे, कारण मात्र कोणी सांगितले नाही."

चाळीस मुलांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता, हे आम्ही येथे प्रांजळपणे नमूद करतो.

उत्तर असे आहे. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून आकाश उलट दिशेने फिरल्यासारखे दिसते. तिचा आस उत्तरेस वाढविला, तर तो ध्रुवताऱ्याच्या अगदी जवळून जातो. म्हणून तो स्थिर दिसतो. सूक्ष्म मोजमाप केल्यास तोही एक लहानसे वर्तुळ काढतो. परंतु ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा, ही समजूतही चुकीची आहे. तो मध्यम तेजाचा आहे. सप्तर्षींतील पुलह आणि क्रतु हे दोन तारे जोडून ती रेषा त्यांच्यातील अंतराच्या सुमारे पाचपट पुढे नेली, म्हणजे तो सापडतो.

आता महत्त्वाची गोष्ट. विषुववृत्तावरून ध्रुव क्षितिजाला टेकलेला दिसतो आणि उत्तर ध्रुवावरून थेट डोक्यावर. म्हणजेच ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजली, की त्या स्थळाचा अक्षांश मिळतो. सुरत सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. धुळे आणि जळगावही जवळजवळ तेवढ्यावरच आहेत. हे ऐकताच ते पालक म्हणाले, "म्हणजे गावी जिथे दिसायचा, तिथेच इथेही दिसणार!" अगदी बरोबर. गाव सुटले, भाषा बदलली, काम बदलले. ध्रुवाची उंची मात्र तीच राहिली.

हा प्रयोग घरी करून पाहा. मार्च ते मे या महिन्यांत रात्री गच्चीवर, दिव्यांपासून दूर, उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात सरळ पुढे ताणून मूठ धरली, की ती सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी रचा. ध्रुव त्यांच्या किंचित वर दिसेल. आपण मोजावे आणि वडिलांनाही मोजावयास सांगावे. त्यांची मूठ मोठी, पण हातही लांब. म्हणून उत्तर जवळजवळ सारखेच येते.

सहलीस येणाऱ्या पालकांना आमची विनंती एवढीच : मुलाच्या वतीने उत्तर देऊ नये, त्याला पुढे चलण्याची घाई करू नये आणि स्वतःला न कळलेले विचारताना संकोचू नये. मुलांना आमचे सांगणे असे, की आपल्या आईवडिलांना ठाऊक असलेल्या गोष्टी पुस्तकातल्या गोष्टींशेजारी मांडून पाहाव्या. बाज आणि सप्तर्षी ही एकाच ताऱ्यांची दोन नावे आहेत, आणि ज्याला दोन्ही ठाऊक, त्याचे ज्ञान अधिक.

परतीच्या वाटेवर तो विद्यार्थी वडिलांशेजारी बसला होता. वडील झोपी गेले होते. रात्री पुन्हा पाळीवर जावयाचे होते. पुढच्या आठवड्यात त्याने निबंधाची वही आणून दिली. तिच्यात दोन ओळी होत्या : 'माझे माप – दोन मुठी आणि थोडे. बाबांचे माप – दोन मुठी आणि थोडे.' आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.