वंशावळीचे मोल : शुद्ध वंशाच्या गुरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि किंमतनिश्चिती

जून २०२३ मध्ये ब्राझीलमधील एका लिलावात ‘वियातिना-१९’ या नेलोर गाईच्या मालकीचा केवळ एक तृतीयांश हिस्सा ६९.९ लाख रेआलला विकला गेला. त्या हिशेबाने संपूर्ण गाईचे मूल्य सुमारे २ कोटी १० लाख रेआल, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास ४३ लाख अमेरिकी डॉलर ठरले. लिलावातील सर्वाधिक मोलाची गाय म्हणून गिनेस विक्रमपुस्तकाने तिची नोंद घेतली. नेलोर वंशाचे मूळ आंध्र प्रदेशातील ओंगोल गुरांमध्ये आहे. त्याच ओंगोलची उत्तम कालवड भारतातील बाजारात येते, तेव्हा तिची किंमत बांधा, वशिंड, दात आणि चाल पाहून ठरते. अनेक ठिकाणी तर रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. मूळ रक्त एकच असताना मोलात एवढे अंतर का पडते, याचे उत्तर शुद्ध वंशाच्या गुरांच्या जागतिक व्यापाराच्या रचनेत सापडते.

शुद्ध वंश म्हणजे काय?

सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणात जिवंत गुरांसाठी ०१०२ हे शीर्षक असून पैदाशीच्या शुद्ध वंशाच्या गुरांना ०१०२.२१ हा स्वतंत्र उपक्रमांक दिलेला आहे. संबंधित देशातील सक्षम अधिकारी संस्था ज्या जनावराला शुद्ध वंशाचे मानते, तेच येथे शुद्ध समजले जाते. म्हणजे व्यापाराच्या दृष्टीने शुद्धता कातडीच्या रंगावर वा शिंगांच्या वळणावर सिद्ध होत नाही, ती प्रमाणपत्रावर सिद्ध होते. या भेदाला आर्थिक परिणामही आहेत. युरोपीय संघात अशा प्रमाणित गुरांवर आयातशुल्क नाही. इतर जिवंत गुरांच्या अनेक प्रकारांवर मात्र ते जड आहे.

भारतातून ब्राझीलकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत ओंगोल, गीर, कांकरेज इत्यादी गुरे ब्राझीलला गेली. तेथे ओंगोलचे ‘नेलोर’ आणि कांकरेजचे ‘गुजेरा’ असे नामांतर झाले. अखेरच्या आयातींपैकी ‘कारवडी’ हा प्रसिद्ध वळू ओंगोलजवळच्या गावाचे नाव आजही मिरवतो. उत्तर अमेरिकेतील ‘ब्राह्मण’ वंशाच्या घडणीतही गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्यासह कृष्णाकाठच्या ‘कृष्णा व्हॅली’ गुरांचा वाटा आहे.

या सर्व काळात ब्राझीलला पोहोचलेल्या भारतीय गुरांची संख्या साधारण सहा-सात हजारांच्या घरात मानली जाते. एवढ्या अल्प संख्येतून, स्थानिक गाईंवर पिढ्यान्‌पिढ्या भारतीय वळूंचा वापर करून, आजचा कोट्यवधींचा कळप उभा राहिला. म्हणूनच आजच्या अनेक नेलोर गुरांच्या मातृवंशात युरोपीय गुरांचे अंश जनुकीय तपासणीत आढळतात. तरीही ती गुरे शुद्ध गणली जातात, कारण उबेराबा येथे १९३८ पासून झेबू गुरांची वंशनोंद शिस्तीने ठेवली गेली. भारताने गुरे दिली. ब्राझीलने त्यांची वही ठेवली. पुढे किंमत या वहीला आली.

रोगमुक्ततेची किंमत

व्यापाराचा दुसरा आधार म्हणजे आरोग्याची हमी. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेली झेबू गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तेथे बुळकांडीचा उद्रेक झाला. त्यातून घेतलेल्या धड्यामुळे २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांच्या करारातून पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालय स्थापन झाले. आज तीच जागतिक पशु आरोग्य संघटना होय. बुळकांडीचे २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाले; परंतु लाळ्या खुरकूत रोगाची स्थिती आजही निर्यातदार देशांसाठी बाजाराची दारे उघडते वा बंद करते.

जिवंत जनावराच्या किमतीत तपासण्या, विलगीकरण, विमा आणि वाहतूक यांचा खर्च मिळवावा लागतो. त्यामुळे हा व्यापार मोठ्या प्रमाणात गोठित वीर्य आणि भ्रूणांकडे वळला आहे. द्रव नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअसला जपलेली वीर्यकांडी अनेक दशके टिकते. भ्रूणातून जन्मलेल्या वासराला स्थानिक दायी गाईच्या चिकातून त्या परिसरातील रोगांविरुद्धची प्रतिकारशक्तीही लाभते.

किंमत कशी घडते?

पैदाशीच्या जनावराची किंमत ही मूलतः त्याच्या भावी संततीची किंमत असते. समजा, एका वळूच्या मुली इतर गाईंपेक्षा प्रत्येक वेतात सरासरी २०० लिटर अधिक दूध देतात. वाढीव चाऱ्याचा खर्च वजा जाता लिटरमागे २० रुपये उरले, तर एका वेताला ४,००० आणि तीन वेतांना १२,००० रुपये अधिक मिळतात. अशा १,००० मुली दुधात आल्या तर हा लाभ १ कोटी २० लाख रुपयांवर जातो. रेतनाचा खर्च, लाभ मिळण्यास लागणारी वर्षे आणि अंदाज चुकण्याची जोखीम वजा करून उरणाऱ्या रकमेच्या काही भागाइतके मोल खरेदीदार देऊ शकतो. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत.

या हिशेबाची पहिली ओळ, म्हणजे ‘२०० लिटर अधिक’, दूधनोंदणी आणि संततीपरीक्षणाशिवाय लिहिताच येत नाही. वळू कितीही गुणी असला तरी नोंद नसेल तर गणित तेथेच थांबते आणि सौदा रुमालाखाली परततो. गाय एरवी वर्षाला जेमतेम एक वासरू देते. बाह्य फलनाच्या तंत्रामुळे मात्र निवडक गाईपासून असंख्य भ्रूण मिळू शकतात. वियातिनासारख्या गाईचे मोल त्यामुळेच वाढते.

तथापि विक्रमी किंमत म्हणजे निर्दोष गुणवत्ता नव्हे. तिच्यात प्रतिष्ठा आणि जाहिरात यांचाही वाटा असतो. शिवाय मोजक्याच जनावरांचा अतिवापर झाल्यास अंतःप्रजनन वाढून वंश दुबळा होण्याचा धोका असतो.

भारतापुढील मार्ग

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो देशी वंशांची नोंदणी करते. डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू झाले, तर जैवविविधता अधिनियम, २००२ मुळे परदेशी संस्थांना भारतीय जनुकसंपदा मिळवण्यासाठी पूर्वमान्यता आवश्यक झाली. परंतु वंशाची नोंद म्हणजे प्रत्येक जनावराची नोंद नव्हे. खिलार, देवणी वा ओंगोल हे वंश नोंदलेले असले तरी बहुसंख्य पशुपालकांच्या गोठ्यातील गाईची आई कोण, तिचे दूध किती, हे केवळ घरच्यांच्या स्मरणात असते.

बारा अंकी ओळख क्रमांकाचा कानातील बिल्ला हा या कामाचा आरंभ आहे. त्या क्रमांकाखाली रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक, विण्याची तारीख, नियमित दूधनोंद आणि लसीकरण हे पाच तपशील सातत्याने नोंदवले गेले, तर दोन-तीन पिढ्यांत विश्वासार्ह वंशावळ उभी राहते. शंका असेल तेथे डीएनए चाचणीने पितृत्व पडताळता येते. एकट्या अल्पभूधारकाला हे झेपणारे नाही. पैदासकार संघ, दूध संघ आणि कृषी व पशुवैद्यक विद्यापीठे यांनी ते गावपातळीवर उभे केले पाहिजे.

गीर भारतातून ब्राझीलला गेली. आज ब्राझीलमधील गीरचे वीर्य भारतात आणण्याची चर्चा होते. आपल्याच गुरांचे गुण परदेशातून मोल देऊन घ्यावे लागणे टाळायचे असेल, तर गोठ्यातील नोंदवही ही चाऱ्याइतकीच नित्याची बाब झाली पाहिजे.