‘हात लावू नको’ म्हणजे काय?



नवजात अतिदक्षता विभागात मी परिचारिका होते. आधी माझीच चूक सांगते. चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पाड्यावरून एक पावरा माता आली होती. बाळ १,४०० ग्रॅमचे. “हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावू नको,” असे मी घाईत सांगितले. तिच्यापर्यंत पोचले ते एवढेच : हात लावू नको. तीन दिवस ती दाराबाहेर बसून राहिली आणि मला वाटले, हिला बाळाची ओढच नाही! पावरी जाणणाऱ्या आयाबाईंनी चौथ्या दिवशी उलगडा केला.

३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचा मेंदू पुष्कळसा बाहेर आल्यावर घडतो. पोटात अंधार असतो, ऊब असते, गुडघे पोटाशी घेतलेले असतात. आमच्याकडे लख्ख दिवे आणि यंत्रांची टिवटिव. म्हणून कापडाची गुंडाळी लावून बाळाभोवती घरटे करायचे, पेटीवर जाड कापड टाकायचे. लंगोट, तापमान, दूध ही कामे एकाच वेळी उरकायची, म्हणजे झोप सलग मिळते. पेटीवर फाईल आपटायची नाही. (ही सवय आम्हा सिस्टरांना फार!) बाळाने बोटे फाकली, उचक्या दिल्या, रंग बदलला, तर हात थांबवायचा, ते दमले आहे.

पण सगळ्यांत मोठे औषध दाराबाहेरच बसले होते. आईच्या उघड्या छातीशी बाळ ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, कारण तिथे पेट्या अपुऱ्या होत्या. पुढे भारतासह पाच देशांत याचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जन्मल्याबरोबर आईशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसातून ८ ते २४ तास असे ठेवायला सांगते.

त्यानंतर मी ‘समजले का?’ विचारणे सोडले. त्यावर सगळ्याच माना डोलावतात. “घरी गेल्यावर सासूला काय सांगशील, ते मला सांग,” असे म्हणू लागले. त्या मातेने आयाबाईंमार्फत उत्तर दिले : बाळ लुगड्यात छातीशी बांधायचे, टोपी काढायची नाही, दूध ओढेनासे झाले की थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. एक गोष्ट राहिली होती, अंघोळीची. ती पुन्हा सांगितली, पुन्हा म्हणवून घेतली. मग आशाताईंसाठी चिठ्ठी तिच्या पदराला बांधून दिली.