कुष्ठरोगी आणि मंडळी
पाठ : मार्क १:४०-४५



नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठ्यास वस्तीबाहेर राहावे लागे (लेवीय १३). अशा मनुष्यास प्रभू केवळ शब्दाने बरे करू शकला असता. तथापि त्याने प्रथम हात पुढे करून त्यास स्पर्श केला. नंतर लोकांनी त्यास पुन्हा आपल्यांत घ्यावे म्हणून त्यास याजकाकडे पाठविले. येथे दोन कार्ये आहेत : रोग घालविणे व रोग्यास माणसांत आणणे.

पहिले कार्य आज औषधाने होते. १८७३ साली नॉर्वे देशातील हॅन्सन ह्या वैद्याने ह्या रोगाचा जंतू शोधिला. हा रोग शाप नव्हे, पापाचे फळ नव्हे व वंशपरंपरागतही नव्हे. सरकारी आरोग्य केंद्रात सहा ते बारा महिने विनामूल्य औषध मिळते; ते सुरू होताच संसर्गाचे भय लवकरच संपते.

दुसऱ्या कार्यात कायदाही पुढे आला आहे. भीक मागणाऱ्या कुष्ठ्यास पकडून कोंडण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातूनही कुष्ठरोग हे कारण २०१९ साली काढून टाकिले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनी वसविलेल्या आनंदवनात तर ह्याच लोकांनी शेती पिकविली व कापड विणिले.

परंतु कायदा घराच्या उंबरठ्याआत येत नाही. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला की मुलीचे लग्न मोडेल ह्या भयाने घरचे लोक तो झाकितात. औषधास उशीर होतो, मज्जातंतू मरतात, बोटे वाकडी होतात. आणि ती बोटे पाहून लोक अधिकच भितात. म्हणजे रोग्यास विद्रूप करण्यात जंतूइतकाच आमच्या तिरस्काराचाही हात असतो.

म्हणून वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील खेड्यांतील उपदेशकांनो, चट्टा दिसताच त्या मनुष्यास स्वतः सोबत घेऊन दवाखान्यात जा. उपासनेत त्यास दाराशी नव्हे, आपल्याजवळ सतरंजीवर बसवा. त्याच्या घरचे पाणी प्या.

मननासाठी प्रश्न :
१. प्रभूने बरे करण्यापूर्वी स्पर्श का केला?
२. आमच्या गावात कोणाचा पेला वेगळा ठेविला जातो?
३. तो पेला उचलून ठेवण्यास प्रथम कोण पुढे येईल?