घरगुती रेडिओ-दुर्बीण : रचना व पडताळा



सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओ-लहरीही पाठवितो, हे पाठ्यपुस्तकातील विधान विद्यार्थी पाठ करतात. परंतु त्याचा प्रत्यय त्यांना क्वचितच येतो. केंद्रशाळेतील कार्यशाळेत एका दिवसात करता येण्याजोगा पुढील पाठ तो प्रत्यय देईल. मात्र यंत्र जोडणे हा या पाठाचा अर्धाच भाग होय. “गुरुजी, काटा सूर्यामुळेच हलला कशावरून?” या प्रश्नाचे उत्तर देता येणे, हा उरलेला व अधिक महत्त्वाचा भाग आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील ग्रोट रेबर यांनी १९३७ साली घराच्या परसात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी स्वतः उभारली. पहिल्या दोन ग्राहकयंत्रांवर त्यांच्या हाती काहीच लागले नाही. तिसऱ्या, १६० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर आकाशगंगेच्या लहरी मिळाल्या. आपल्याकडे गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली कल्याणजवळ ३२ लहान तबकड्या उभारून सूर्याचा अभ्यास केला. आज जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत.

साहित्य : वापरात नसलेली सुमारे ६० सेंटिमीटरची टीव्हीची डिश व तिचा एलएनबी, काट्याचा सॅटेलाइट फाइंडर, जुना सेट-टॉप बॉक्स, केबलचे दोन तुकडे व लाकडी तिवई.

कृती : वीज बंद ठेवून एलएनबी फाइंडरच्या एका तोंडाला व सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या तोंडाला जोडावा. एलएनबीला लागणारी वीज बॉक्समधूनच मिळते.

पडताळा पहिला : डिश उत्तरेच्या मोकळ्या आकाशाकडे वळवून काटा खाली आणावा. नंतर ती जमिनीकडे वळवावी. उबदार जमीन थंड आकाशापेक्षा अधिक लहरी देते; म्हणून काटा चढला पाहिजे. न चढल्यास जोडणी तपासावी. तोवर पुढे जाऊ नये.

पडताळा दुसरा : डिश सूर्याकडे वळवावी. अशी डिश दिसते त्यापेक्षा वरच्या दिशेला पाहत असते. म्हणून ती सावकाश खालीवर करून काटा सर्वांत जास्त कोठे चढतो ते शोधावे.

पडताळा तिसरा : दक्षिण आकाशातील टीव्हीचे उपग्रहही काटा चढवितात. पण ते जागचे हलत नाहीत; सूर्य दर चार मिनिटांस सुमारे एक अंश सरकतो. डिश सूर्याच्या किंचित पश्चिमेस वळवून घट्ट बसवावी व अर्धा तास दर मिनिटास नोंद घ्यावी. तिच्या दृष्टीचा पट्टा सुमारे तीन अंशांचा असल्याने काटा चढून साधारण बारा मिनिटांत उतरेल. आलेख विद्यार्थ्यांनी काढावा. काटा चढलेलाच राहिला, तर तो उपग्रह समजावा.

सूचना : सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. डिशला चकचकीत कागद लावू नये. एकवटलेल्या उन्हाने एलएनबी वितळेल.

स्वाध्याय : सूर्य विरळ ढगाआड असताना हाच प्रयोग करून दोन्ही आलेखांची तुलना करावी.

तयार यंत्र वर्गात नेण्याचा मोह आवरावा. तिन्ही पडताळे मुलांच्या हातून झाले, म्हणजे काट्याची साक्ष तपासून घेण्याची सवय त्यांना जडेल. आणि ती सवय प्रत्येक विषयात उपयोगी पडेल.