सिंधुदुर्गचा सोन्याचा नारळ

कोल्हापुरांत वाढलेल्या आम्हां मुलांस समुद्र ठाऊक असतो तो नकाशांतला. आमच्या पंचगंगेचें पाणी सह्याद्रीच्या माथ्याजवळून निघतें. अरबी समुद्र तेथून किती जवळ! पण ती त्याजकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते, नरसोबाच्या वाडीस कृष्णेंत मिसळते, आणि तें पाणी अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. गेल्या श्रावणांत आम्ही सहा विद्यार्थी व दोन गुरुजी एस. टी. नें फोंडा घाट उतरून मालवणास गेलों, तेव्हां आमच्यापैकीं चौघांनीं समुद्र प्रथमच पाहिला. नारळी पौर्णिमेस सिंधुदुर्ग किल्ल्यावरून सोन्याचा नारळ समुद्रास अर्पण करितात. तो विधि बेटावर उभें राहून पाहावा, असा आमचा बेत होता.

हा किल्ला कोल्हापूरकरांस परका नव्हे. कुरटे नांवाच्या खडकाळ बेटावर शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं त्याचा पाया घातला. पायाचे दगड बसवितांना शिसें ओतलें होतें. तटाच्या आंत सुमारें ४८ एकर जागा आहे, आणि दुधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडें पाणी आहे. १६९५ सालीं राजाराम महाराजांनीं तेथें शिवराजेश्वराचें मंदिर बांधिलें. पुढें किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे आला. १७६५ सालीं इंग्रजांनीं तो जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें, लवकरच पैसे घेऊन परत केला, आणि १८१२ च्या तहानें तो पुनः घेतला. तरी करवीरचें नातें तुटलें नाहीं. मंदिराचा सभामंडप राजर्षि शाहू महाराजांनीं १९०६–०७ सालीं बांधविला.

इतकें सारें पाठ करून आम्ही धक्क्यावर पोहोंचलों, तों कळलें कीं पावसाळ्यांत किल्ल्याची प्रवासी होडी बंद असते. आम्हीं चौकशी न करितां निघालों, ही आमचीच चूक. पण त्या क्षणीं राग आला तो होडीवाल्यांचा. ऊन पडलें होतें, किल्ला डोळ्यांसमोर होता, पाणी आम्हांस तरी शांतच भासत होतें. एका वृद्ध तांडेलास आम्हीं फार गळ घातली. तो म्हणाला, "बाबांनु, दर्यो अजून खवळलेलो आसा. नारळ आमी दितलों, पण शांत कधी व्हायचा ता तेचा तो बघतलो." मग त्यानें बोट दाखविलें. तटाखालच्या खडकांवर लाट फुटून पांढरा फेस वर उडत होता, आणि मागाहून कांहीं वेळानें तिचा आवाज येत होता.

त्याच्या बोलण्यांतलें शास्त्र गुरुजींनीं आम्हांस वाळूवर बसून समजाविलें. जून महिन्यापासून नैर्ऋत्येचा वारा समुद्र घुसळीत असतो. श्रावणाच्या उत्तरार्धांत त्याचा जोर ओसरूं लागतो, म्हणून पूर्वजांनीं ही पौर्णिमा धरली. परंतु तिथि चंद्राची आणि वारा सूर्याच्या उष्णतेचा. २०२० सालीं नारळी पौर्णिमा ३ ऑगस्ट रोजीं आली, तर २०२३ सालीं, अधिक महिन्यामुळें, ३० ऑगस्ट रोजीं. या दोन दिवसांचा समुद्र एकच कसा असेल? नारळ वाहिला म्हणून कोणी शहाणा तांडेल त्याच रात्रीं होडी लोटीत नाहीं.

दुपार कलल्यावर किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्यालगत माणसें गोळा झालेलीं दिसलीं. किल्ल्यांत आजही कांहीं कुटुंबें राहतात. तीं शिवराजेश्वराची पूजा करून वाजतगाजत नारळ आणितात. (नारळ सोन्याचा म्हणजे सोनेरी वेष्टनाचा, आमच्यांतील एकाची यानें फार निराशा झाली.) भगवे झेंडे हलले, बार झाला, आणि इकडे धक्क्यावर सारे एकदम "झाला, झाला" म्हणाले. बेटाचा नारळ आधीं, मग गांवाचा, हा क्रम आहे. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून खडक आहे, त्यावर गणपति, चंद्र व सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याचा पाया घालण्यापूर्वीं महाराजांनीं तेथें पूजा करून समुद्रास नारळ दिला, आणि तीच ही चाल, असें मालवणकर सांगतात.

मग व्यापाऱ्यांचा मानाचा नारळ ढोलताशांच्या गजरांत बंदरावर आला, आणि त्यामागून सारा गांव लोटला. बायका पदराखालीं निरांजन सांभाळीत उतरत होत्या. एकीकडे नारळ लढविणें चाललें होतें. नारळावर नारळ आपटावयाचा, ज्याचा फुटेल तो हरला. आम्हीं तीन नारळ हरलों, आणि हरलेलें खोबरें मात्र आम्हांसच खावयास दिलें.

तेथें आमच्याच वयाचा एक गाबिताचा मुलगा भेटला. शाळेस सुट्टी असतां तो रापण ओढावयास जात असे. रापणीचें जाळें होडीनें पाण्यांत सोडून किनाऱ्यावरून अनेक जण ओढतात, आणि मासळीचा वांटा साऱ्यांस मिळतो. यंदा मात्र तो चुलत्याबरोबर प्रथमच खोल पाण्यांत जाणार होता. मोठ्या यांत्रिक नौकांमुळें किनाऱ्याजवळ पूर्वींइतकी मासळी लागत नाहीं, असें तो म्हणाला. त्याच्या आईनें नारळ त्याच्याच हातीं दिला. त्यानें तो फेंकला नाहीं. गुडघाभर पाण्यांत जाऊन हलकेच सोडला. लाटेनें तो परत आणिला. त्यानें पुनः सोडला, पुनः आला. तिसऱ्या खेपेस आई स्वतः लुगडें भिजवीत पुढें गेली आणि दोघांनीं मिळून तो लाटेपलीकडे लोटला. ती बराच वेळ पाण्यांतच उभी होती. कोणी तिला हांक मारली नाहीं.

पंचगंगेस पूर येतो तेव्हां आमच्या आया नदीची ओटी भरतात, तें आम्हांस तेथें आठवलें. १ पुराचें पाणी निदान घरापर्यंत येतें. येथें माणसास पाण्याकडे जावें लागतें.

दुसरे दिवशीं सकाळीं निघतांना आम्हीं बंदरावर डोकावलों. होड्या वाळूवरच होत्या. तो मुलगा एका होडीच्या सांवलींत बसून जाळें शिवीत होता. "आज नाय," एवढेंच म्हणाला. आठ दिवसांनीं आमच्या मालवणच्या यजमानांचा गुरुजींस दूरध्वनि आला, कीं समुद्र निवळला आणि पहाटे होड्या गेल्या. त्या दिवशीं वर्गांत आम्हीं सहाही जण वारंवार खिडकीबाहेर, वारा किती आहे तें पाहत होतों.