प्रकाश देणारा पडदा, प्रकाश अडवणारा पडदा

समजा नागपूरच्या महालात, गांधी गेटाच्या आसपास, एक जुना वाडा आहे. पुढची बैठक रस्त्याकडे उघडणारी, दिवसभर लख्ख उजेडाची. आतले माजघर मात्र जाड भिंतींचे; तेथे दुपारीही दिवा लावावा लागतो. २००८ च्या सुमारास या घरातील मंडळी मोठा, चपटा दूरचित्रवाणी संच घ्यायला निघाली असती, तर दुकानदाराने त्यांना दोन प्रकार दाखवले असते : प्लाझ्मा आणि एलसीडी. या दोहोंत चांगला कोणता? 'संच कोणत्या खोलीत ठेवणार?' हे विचारल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. असे का, ते आपण पाहू.

लाखो इवल्याशा ट्यूबलाइट

कोणताही रंगीत पडदा भिंगातून पाहा. त्यावर लाल, हिरवे व निळे बारीक ठिपके दिसतील. या तिघांच्या कमीअधिक मिश्रणातून सारे रंग तयार होतात. दोन प्रकारच्या संचांत फरक आहे तो या ठिपक्यांना प्रकाश कोठून मिळतो, यात.

प्लाझ्मा पडद्यात दोन काचांमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असतात व त्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले असतात. कप्प्याला विजेचा दाब दिला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. वायूच्या या अवस्थेलाच प्लाझ्मा म्हणतात. त्यातून जंबुपार किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण कप्प्याच्या आतील लेपावर पडले की लेप लाल, हिरवा किंवा निळा उजळतो. आपल्या घरातील ट्यूबलाइटही अशीच चालते. तेथे वायूऐवजी पाऱ्याची वाफ असते, एवढेच. असा पहिला पडदा अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तयार केला.

प्रकाशाची झडप

एलसीडीतील ठिपका स्वतः उजळत नाही. पडद्यामागे एक दिवा सतत जळत असतो. ठिपका त्याचा प्रकाश पुढे सोडतो किंवा अडवतो.

हे काम द्रवस्फटिक करतात. १८८८ साली फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात विचित्र गोष्ट आढळली. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळून गढूळ द्रव झाले, आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकदम स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत पदार्थ वाहत होता, तरी त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळत होते.

आता खिडकीचे उभे गज डोळ्यांपुढे आणा. गजांतून ओवलेली दोरी वरखाली हलवली तर लाट पलीकडे जाते. आडवी हलवली तर अडते. ध्रुवक नावाची पातळ फीत प्रकाशलहरींना अशीच वागवते. एलसीडीत दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून नुसत्या त्यांतून प्रकाश जाणार नाही. पण मधले द्रवस्फटिक लहरींची दिशा ९० अंशांनी वळवतात आणि वाट मोकळी होते. विजेचा दाब दिला की रेणू सरळ उभे राहतात, दिशा वळत नाही व ठिपका काळा होतो. ही रीत १९७० साली मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी स्वित्झर्लंडमध्ये शोधली. पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या.

खोली पाहून निवड

आता वाड्यात परत चला. माजघरात अंधार आहे. तेथे प्लाझ्माचा काळा रंग गडद दिसतो, कारण काळ्या ठिपक्याचा प्रकाश जवळजवळ नसतोच. एलसीडीची झडप पूर्ण मिटत नाही. मागचा उजेड थोडा झिरपतो आणि काळ्याचा करडा होतो. शिवाय त्या काळच्या अनेक एलसीडींचे रंग बाजूने पाहताना फिके पडत. प्लाझ्मासमोर मात्र सारे कुटुंब कोठेही बसले तरी चित्र सारखेच दिसे.

बैठकीत उलट घडते. दारातून येणारा उजेड प्लाझ्माच्या काचेवर चमकतो आणि चित्र मंद भासते. एलसीडीच्या मागचा दिवा प्रखर असल्याने त्याचे चित्र टिकून राहते. प्लाझ्मावर एकच स्थिर खूण तासन्तास राहिली तर तिचा ठसाही उमटे.

राहिला विजेचा हिशेब. समजा एक संच ३०० वॅटचा व दुसरा १५० वॅटचा आहे. रोज चार तास चालवले, तर ३० दिवसांत पहिल्याला ३६ युनिट वीज लागेल, दुसऱ्याला १८. त्या काळी प्लाझ्माच अधिक वीज घेई. ही वीज शेवटी उष्णतेच्या रूपात खोलीतच उतरते. नागपूरच्या मे महिन्यात ती कोणाला हवी असेल?

नागपूरचा एक विद्यार्थी

बाजूने चित्र फिके दिसण्याच्या दोषावर जो उपाय निघाला, त्याचा धागा नागपूरशी जोडलेला आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पहिल्या क्रमांकाने एम.एस्सी. झाले आणि पुढे आपले मामा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या बंगळूरच्या संस्थेत गेले. (नोबेल मिळवणारे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ते वेगळे.) द्रवस्फटिकांचे रेणू काडीसारखे लांबट असतात, असा तोवर समज होता. १९७७ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनतात हे दाखवले. पुढे अशाच चकत्यांच्या रेणूंची पातळ फीत एलसीडीवर बसवू लागले आणि बाजूने दिसणारे चित्र सुधारले. नुसत्या कुतूहलातून झालेले संशोधन असे घरोघरी पोहोचले.

पुढे काय झाले?

एलसीडी स्वस्त, हलके व अधिक सुबक होत गेले. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पडदे बनवणे थांबवले आणि इतरही त्याच वाटेने गेले. आज 'एलईडी टीव्ही' म्हणून विकला जातो तो बहुधा एलसीडीच असतो. मागचा दिवा तेवढा एलईडीचा. ओएलईडी पडद्यात मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. प्लाझ्माचा गुण त्यात नव्या रूपाने परत आला आहे.

करून पाहा

ध्रुवक काचांचा गॉगल मिळाला तर त्यातून साध्या कॅल्क्युलेटरचे आकडे पाहा आणि कॅल्क्युलेटर सावकाश फिरवा. एका कोनात सगळा पडदा काळा होईल. का, ते खिडकीच्या गजांवरून सांगा.

आणखी एक प्रश्न : उन्हात फार तापलेला एलसीडी पडदा काळवंडतो व थंड झाल्यावर बहुधा पूर्ववत होतो. रायनिट्झरचा गढूळ द्रव कशाने स्वच्छ झाला होता ते आठवा. उत्तर सापडेल.